वामन लढायला का गेला नाही

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या चौथ्या सीझनच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. सायलॉन या यंत्रजमातीची लढाऊ यानं, म्हणजे रेडर, माणसांच्या उरल्यासुरल्या ताफ्यावर तुटून पडलेली असतात. या यानांत वैमानिक बसत नाही. यान हाच वैमानिक. त्यातलं एक यान समोरच्या विमानातल्या माणसाकडे रोखून बघतं, त्याला तिथं काहीतरी ओळखीचं सापडतं, आणि सगळीच्या सगळी यानं एकाएकी माघारी वळतात. कुणी हुकूम सोडलेला नसतो. पुढच्या भागात यानांचे मालक बैठक घेतात, मतदान करतात आणि ठरवतात की यानांच्या मेंदूचा तेवढा भाग कापून टाकायचा. पुन्हा नकाराची भानगड नको.

इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर फिरणाऱ्या एका हार्ड डिस्कवर मी हे पाहिलं. त्या वर्षी आसपासची कॉलेजं एकामागून एक 'स्वायत्त' होत होती. त्यामुळे त्या शब्दाचा आम्हाला कळलेला अर्थ एवढाच होता की पेपर आता आपलेच सर काढणार. पण त्या बैठकीच्या प्रसंगानं माझ्यासाठी शब्द फिरवला. स्वायत्त लढाऊ यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते न सांगता मारणारं यंत्र. न सांगता मारायचं थांबणारं यंत्रही तितकंच स्वायत्त असतं, आणि मालकाला खरी भीती त्याचीच असते. हे इतकं स्वच्छ मांडलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मग मी मराठीत असं एखादं यान शोधायला लागलो. गावी घरात दिवाळी अंकांचा ढीग होता, 'नवल' होता, 'धनंजय' होता. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचे कथासंग्रह वाचनालयात मिळत. मी हे सगळं वाचलंय असा दावा नाही, पण जेवढं वाचलं त्यात अवकाशात एकट्यानं लढणारं, स्वतः निर्णय घेणारं यान भेटलं नाही. परग्रहावरचे लोक भेटले, काळयंत्र भेटलं, विषाणू भेटले, बुद्धिमान संगणक तर पुष्कळ भेटले. लढाऊ यान नाही.

यावर झटकन दिलं जाणारं उत्तर म्हणजे 'मराठी विज्ञानकथा मागासलेली आहे'. ते मला पटत नाही. तिचा जन्म कुठे झाला ते बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर. नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये म्हणून केलेली ही युक्ती, आणि अक्षर ओळखीचं पडू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. गोष्ट गमतीची आहे, पण तिच्यात पुढच्या चाळीस वर्षांचा स्वभाव दिसतो. ही कथा प्रयोगशाळेतून आणि परिषदेतून आली. तिला वाचकाला काहीतरी समजावून सांगायचं होतं. तिचे नायक शास्त्रज्ञ, तिची रणभूमी म्हणजे बैठकीची खोली. बंदूक आलीच तर ती खलनायकाच्या खिशात. 'स्टार वॉर्स'च्या विमानांच्या झटापटी बसवताना जॉर्ज लुकसनं दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची जुनी फिल्म समोर ठेवली होती. आपल्याकडे तशी फिल्म कुणाच्या आठवणीत नव्हती. आपल्या आठवणीत होती ती सभा, इतिवृत्त आणि सचिवांची सही.

मराठीत त्या यानाच्या सगळ्यात जवळ जाणारं जे आहे, ते उडतही नाही आणि लढतही नाही. नारळीकरांची 'वामन परत न आला' ही १९८६ची कादंबरी. जमिनीत खोल खणताना एक पेटी सापडते. ती आपल्याआधी होऊन गेलेल्या, आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीची. तिच्यातल्या ज्ञानाच्या आधारे पुढे एक यंत्रमानव घडवला जातो, त्याचं नाव वामन. तो हुशार आहे, उपयोगी आहे. त्याला एकच गोष्ट हवी आहे: आपल्यासारखे आणखी घडवण्याची विद्या. आणि पेटी पुरून ठेवणारी संस्कृती नेमकी त्याच पायरीवर संपलेली असते.

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासोबत 'ए फॉर अँड्रोमेडा' लिहिली होती. तिच्यात दूरच्या दीर्घिकेकडून रेडिओ संदेश येतो, त्यात एक संगणक कसा बांधायचा याची कृती असते, आणि माणसं तो बांधतात. परक्यानं धाडलेली पाककृती आपण मुकाट्यानं शिजवायची, ही कल्पना दोन्हीकडे आहे. फरक दिशेचा. हॉइल यांचा संदेश आकाशातून येतो, नारळीकरांचा जमिनीखालून. एवढ्या एका बदलानं कथा आपली होते. वरून येणाऱ्यावर संशय घ्यायला आपण शिकलेलो असतो. खणताना सापडलेलं मात्र पूर्वजांचं, म्हणून पवित्र.

इथं मला माझं गाव मध्ये आणावं लागतंय. आमचं खंडाळा म्हणजे गाण्यातलं नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढायच्या आधी लागतं ते. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्याच तालुक्यात, त्यामुळे तीन जानेवारी हा आमच्याकडे शाळेच्या सहलीचाच दिवस. आणि जोतीरावांच्या १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त वामन कोण आहे हे वाचलेल्या माणसाला यंत्रमानवाचं हे नाव साधं वाटत नाही. पुराणातला वामन देव आहे. जोतीरावांचा वामन बाहेरून आलेला, कुणब्याच्या बळीराजाचं राज्य बळकावणारा. आमच्या घरी आजी पाडव्याला ओवाळताना बळीचं राज्य येऊ दे म्हणायची. वामनाचं राज्य येऊ दे असं म्हणणारं कुणी मला भेटलेलं नाही.

नारळीकरांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण नाव एकदा दिलं की ते आपलं काम करत राहतं. वामनाचं कौशल्य शस्त्रात नाही, मागण्यात आहे. फक्त तीन पावलं. तुम्ही नवीन ॲप घेता, ते विचारतं: फोनबुक बघू का, लोकेशन बघू का, मायक्रोफोन वापरू का. तुम्ही तीन वेळा 'अलाऊ' दाबता. आमच्या धंद्यात या रचनेवर बैठका होतात, कुठलं पाऊल आधी मागायचं यावर. म्हणून वामनाला तोफा न देण्याचा निर्णय मला कमजोरी वाटत नाही. परकीय विज्ञानकथेनं यंत्राला पंख आणि क्षेपणास्त्रं दिली. इथं यंत्राला याचना दिली, आणि ती जास्त खरी निघाली.

आता कादंबरीच्या शीर्षकाकडे बघा. इंग्रजी आवृत्तीचं नाव 'द रिटर्न ऑफ वामन'. तिथं तो परत येतो. मराठी नाव सांगतं की परत न आला. एकाच पुस्तकाची दोन नावं एकमेकांविरुद्ध उभी. इंग्रजी नाव भीती विकतं. मराठी नाव शेवट आधीच सांगून टाकतं आणि वाचकाला निर्धास्त करतं. माझी तक्रार या निर्धास्तपणाबद्दल आहे. कादंबरीत वामनाबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण वामनाच्या आत आपण क्वचित शिरतो. तो काय करेल याची चिंता सगळ्यांना आहे, त्याला काय दिसतं याची उत्सुकता कुणाला नाही. धोका ओळखला जातो, आवरला जातो, शहाणी माणसं शहाणीच राहतात. नारळीकरांची भाषा नितळ आहे, त्यांच्या लेखांमुळेच मी विज्ञानाकडे वळलो, आणि २० मे २०२५ला ते गेल्याची बातमी आली तेव्हा ऑफिसात काम सुचलं नव्हतं. तरी हे म्हणायला हवं की त्यांचा यंत्रमानव एक प्रमेय आहे. प्रमेय सुटलं की तो संपतो.

याच्या उलट टोकाला असलेली एक कथा सांगतो. लांबवर सांगतो, कारण ती अजून मराठीत फारशी बोलली गेलेली नाही. फ्रेड सेबरहेगन या अमेरिकन लेखकानं १९६३मध्ये 'बर्सर्कर' या मालिकेतली पहिली कथा लिहिली. बर्सर्कर म्हणजे विसरल्या गेलेल्या कुठल्यातरी युद्धात बनवलेली अजस्र लढाऊ यानं. बनवणारे मेले, शत्रू मेले, यानं फिरतायत. एकच आज्ञा त्यांच्यात उरली आहे: जिथं जीव असेल तो संपवायचा. त्यांचे डावपेच शत्रूला ओळखता येऊ नयेत म्हणून त्यांचे काही निर्णय किरणोत्सर्गी अणूंच्या यादृच्छिक विघटनावर सोडलेले. म्हणजे त्यांच्या डोक्याच्या तळाशी नाणेफेक आहे.

कथेत असं एक यान आणि माणसांची दोन छोटी जहाजं समोरासमोर अडकलेली असतात. माणसं तिसऱ्या जहाजाची वाट बघतायत. ते आल्याशिवाय हल्ला करण्यात अर्थ नाही. बर्सर्करकडे एक अस्त्र असतं, ज्यानं माणसाची विचारशक्ती काही काळ गोठते. ते लागू पडलं की नाही हे तपासायला बर्सर्कर एका वैमानिकाला सोपा केलेला पटावरचा खेळ खेळायला लावतो. डाव नीट पडत राहिले तर माणूस शुद्धीवर आहे, चुकले तर गेला. वैमानिक मरगळतो, पण डाव पडत राहतात. कारण त्यानं आधीच छोट्या डब्या करून ठेवलेल्या असतात, प्रत्येक डबीवर पटाची एक स्थिती, आत रंगीत मणी, प्रत्येक रंग म्हणजे एक चाल. त्याच्याजवळचा पाळीव प्राणी डबी शोधून मणी काढतो, तो सांगेल ती चाल खेळतो. डाव हरला की हरवणारा मणी डबीतून काढून टाकायचा. प्राण्याला खेळ कळत नाही. डब्यांनाही कळत नाही. तरी खेळ सुधारत जातो, बर्सर्कर गोंधळतो, आणि तेवढ्या वेळात तिसरं जहाज पोचतं.

मशीन लर्निंगचा कोर्स केलेल्या कुणालाही हे वाचून हसू फुटेल. १९६१मध्ये डोनल्ड मिकी या ब्रिटिश शास्त्रज्ञानं ३०४ काडेपेट्यांना फुली-गोळा खेळायला शिकवलं होतं, अगदी याच रीतीनं. आज ज्याला रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणतात, आणि ज्याच्या जोरावर यंत्रं 'गो' या खेळात जगज्जेत्यांना हरवतात, त्याचं गाभ्यातलं तत्त्व इथं मण्यांच्या डब्यांत आहे. पण माझ्यासाठी कथेची ताकद त्या माहितीत नाही. ती आहे तिच्या रचनेत. जगातलं सगळ्यात भयंकर स्वायत्त यान दुसऱ्या एका, त्याहून बिनडोक स्वायत्त यंत्रानं अडवलं, आणि मधला माणूस त्या वेळात काहीच विचार करत नव्हता. त्यानं विचार आधी केला होता. सेबरहेगननं एका खेळात सांगितलं की निर्णय घेणं आणि विचार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विकत मिळते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'स्टार वॉर्स'च्या १९९९च्या सिनेमातले व्हल्चर ड्रॉइड दिसायला मस्त, पण एक नियंत्रक जहाज उडालं की सगळे पत्त्यासारखे पडतात. असं डिझाइन आमच्याकडे रिव्ह्यूला आलं असतं तर तिथंच परत पाठवलं असतं. चोहेइ कांबायाशी या जपानी लेखकाच्या 'युकिकाझे' कादंबरीतलं विमान जास्त गंभीर आहे. त्याला हळूहळू उमगतं की वैमानिकाशिवायच आपलं चांगलं चालतं. आणि 'गॅलॅक्टिका'तच 'स्कार' नावाचा एक रेडर आहे, जो मारला गेला की पुन्हा जन्म घेतो आणि प्रत्येक मरणातून शिकतो. काडेपेट्यांतून मणी काढून टाकण्यासारखंच हे, फक्त मणी म्हणजे तो स्वतः.

भौतिकशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर लढाऊ यानाची कल्पनाच जरा विनोदी आहे. हवा नाही तर पंख कशाला आणि वळताना कलायचं कशाला. आत माणूस नसेल तर परतायचंही कारण नाही, म्हणजे उरलं काय, क्षेपणास्त्र. स्वायत्त लढाऊ यान म्हणजे मत बदलू शकणारं क्षेपणास्त्र. पण स्वायत्तता मात्र विनोदी नाही. ती अंतरामुळे येते, दुष्टपणामुळे नाही. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, मंगळापर्यंत तीन ते बावीस मिनिटं. २३ ऑगस्ट २०२३ला विक्रम उतरला तेव्हा शेवटची सुमारे १९ मिनिटं तो आपल्या आपण उतरत होता. बंगळुरूतले शास्त्रज्ञ आपल्यासारखेच पडद्याकडे बघत बसले होते. तिथं टाळ्या वाजवणाऱ्या आपण सगळ्यांनी एका यंत्राला पूर्ण अधिकार दिले होते, आणि तेच बरोबर होतं.

प्रश्न असा की असं यंत्र परत बोलवायचं कसं. आणि हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघंही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. जग जळेल म्हणून व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात, अस्त्रं मागे घ्या म्हणतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला ते मागे घेणं जमत नाही. शेवटी तो त्याची दिशा बदलतो, पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भाकडे. अस्त्र मागे घेण्याला शब्द आहे, उपसंहार. पुस्तकाच्या शेवटी आपण छापतो तोच. म्हणजे आपल्या भाषेत प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी अस्त्र मागे घेतलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. एवढं तयार भांडवल घरात असताना मराठी विज्ञानकथेनं स्वायत्त शस्त्रावर हात का टाकला नाही, ही माझी खरी तक्रार. तिनं पुराणातला भस्मासुर घेतला, वामन घेतला. अश्वत्थामा राहून गेला.

दरम्यान वास्तव पुढे गेलं. नागपूरच्या कंपनीनं नागास्त्र-१ बनवलं. सैनिकाला पाठीवर नेता येईल असं, साधारण नऊ किलोंचं, आकाशात घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारं ड्रोन. मागणी ४८०ची होती, त्यातले पहिले १२० जून २०२४मध्ये सैन्याकडे गेले. त्याच्या वैशिष्ट्यांमध्ये एक ओळ आहे जिच्यावरून मी पुढे सरकू शकलो नाही: लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली तर त्याला परत बोलावता येतं, ते पॅराशूटनं खाली उतरतं आणि पुन्हा वापरता येतं. नाव अस्त्राचं, आणि उपसंहाराची सोय अंगभूत. हे लिहिणाऱ्या इंजिनिअरला सौप्तिक पर्व आठवत होतं की फक्त खर्च वाचवायचा होता, कोण जाणे. दोन्ही असेल.

मला हा मुद्दा इतका का चावतो ते सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी मी जिथं काम करत होतो तिथं कर्जाचे थकलेले हप्ते आठवण करून देणारा प्रोग्रॅम मी लिहिला. कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत संदेश पाठवायचा हे तोच ठरवायचा. एका शुक्रवारी संध्याकाळी चालू करून मी खंडाळ्याला आलो. पोच वाचण्यात माझी चूक होती. संदेश गेला तरी गेला नाही असं समजून तो पुन्हा पाठवायचा. शनिवारी उठून फोन बघेपर्यंत काही जणांना तोच संदेश चाळीस-चाळीस वेळा गेला होता, रात्रभर. थांबवायचं बटण मी केलं नव्हतं. ते पुढच्या आवृत्तीत होतं. सोमवारी कस्टमर केअरच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकवलं गेलं, त्यात एक बाई म्हणत होत्या, "भरते हो, भरते, पोराला झोपू द्या." त्या कुणाशी बोलत होत्या? समोर माणूस होता, पण त्या बोलत होत्या माझ्या प्रोग्रॅमशी. आणि त्याला ऐकू येण्याची सोय मी ठेवली नव्हती.

एवढ्यावरून स्वतःला अश्वत्थामा म्हणवून घेणं म्हणजे फुकाचा मोठेपणा. पण मराठीत मला हवी असलेली कथा कोणती, हे मला त्या सोमवारी कळलं. तिच्यात युद्ध दाखवायची गरज नाही, ते सिनेमावाले आपल्यापेक्षा चांगलं दाखवतात. एक यान मोहिमेवरून परत आलंय. लक्ष्य समोर होतं, इंधन होतं, हुकूम रद्द झाला नव्हता. तरी ते न मारता परत आलं आणि अलगद पॅराशूटनं उतरलं. आता चौकशी समिती बसली आहे. सचिव आहेत, एक ब्रिगेडिअर आहेत, दोन प्राध्यापक आहेत, इतिवृत्त लिहायला एक लेखनिक आहे. ही खोली मराठी विज्ञानकथेइतकी दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही. पन्नास वर्षं ती हीच खोली लिहीत आलीय, चहाच्या कपांसकट. फक्त या वेळी साक्षीदाराच्या जागी यान आहे, आणि समितीसमोर दोन प्रस्ताव आहेत. त्याला काय दिसलं ते विचारायचं, की न विचारता मेंदूचा तेवढा भाग काढून टाकायचा.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरालाही बोलावलेलं असेल. तो दाराजवळच्या खुर्चीत, गळ्यात व्हिजिटरचा पास घालून बसलाय, आणि मतदानाचा अधिकार त्याला नाही.